पगार देणारा पोशिंदा नसतो

अगं, काल फोनवर तुला रडू दिलं, मध्ये बोलले नाही. रडत्या माणसाला शास्त्रवचनं ऐकवू नयेत, आधी पाणी द्यावं. पण फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, “ताई, देवाला हे दिसतं ना गं?” आणि ते डोक्यातून जाईना. म्हणून आज सवडीनं लिहिते. नाइटहून आली असशील तर आधी झोप काढ, मग वाच.

पहिलं म्हणजे, तुझ्यावर अन्याय झालाय. एवढी वर्षं तू तो वॉर्ड सांभाळलास, नव्या मुलींचा हात धरून त्यांना शीर शोधायला शिकवलंस, आणि इन्चार्जची जागा निघाली तेव्हा ती तुझ्याच हाताखाली शिकलेल्या, पण मॅनेजरच्या नात्यातल्या मुलीला मिळाली. तू विचारायला गेलीस तर तुझी पगारवाढ अडवली आणि ओळीनं नाइट लावल्या. याला अन्यायच म्हणतात. तसं म्हटल्यानं तुझा विश्वास कमी होत नाही. दावीद, यिर्मया, हबक्कूक हे सगळे देवासमोर उभे राहून ‘हे बरोबर नाही’ असं म्हणालेत, आणि त्यांचं ते म्हणणं पवित्र शास्त्रात छापून आपल्या हातात दिलंय.

आता तुला दोन सल्ले फुकट मिळतील. एक म्हणेल, “सोस बाई, देव बघून घेईल.” दुसरी म्हणेल, “तुझी प्रार्थना कमी पडली असेल.” दोघींचा हेतू चांगला असेल, पण दोन्ही सल्ले अन्याय करणाऱ्याला मोकळं सोडतात आणि ओझं तुझ्याच डोक्यावर ठेवतात. माझ्याकडे तिसरं काही आहे. त्यासाठी तुला याकोबाच्या घरी घेऊन जाते.

उत्पत्तीचे एकोणतीस ते एकतीस हे अध्याय आपण लहानपणी संडे स्कूलला राहेल आणि लेआच्या गोष्टीपुरते ऐकले. ते एकदा नोकरदार बाईच्या डोळ्यांनी वाच. याकोबानं राहेलीसाठी सात वर्षं काम केलं आणि लग्नाच्या रात्री मामानं, म्हणजे लाबानानं, लेआ पुढे केली. मग आणखी सात वर्षं. मग कळपाच्या वाट्यासाठी सहा. वीस वर्षांत लाबानानं त्याची मजुरी दहादा बदलली, असं तो स्वतः सांगतो. दिवसा ऊन, रात्री गारठा, डोळ्याला डोळा नाही. रानटी जनावरानं मेंढरू फाडलं किंवा चोरानं नेलं, तर भरपाई याकोबाच्या खिशातून. ठिपकेदार आणि करडी जनावरं तुझी, असा करार झाला, तर त्याच दिवशी लाबानानं तसली सगळी जनावरं वेगळी काढून आपल्या मुलांच्या हवाली केली आणि मध्ये तीन दिवसांच्या वाटेचं अंतर ठेवलं. वाचताना वाटतं, हा माणूस आपण कुठल्यातरी ऑफिसात पाहिलाय.

आणि लेआ-राहेलीचंही ऐक, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. त्या दोघी म्हणतात की बापानं आम्हाला विकलं आणि आमचे पैसेही खाऊन टाकले. म्हणजे त्या घरात एकट्या जावयावर अन्याय नव्हता, पोटच्या मुलींवरही होता.

याकोब काही संत नव्हता. आंधळ्या बापाला फसवून, भावाचा आशीर्वाद लाटून तो मामाच्या गावी पळून आला होता. तरी देव स्वप्नात त्याला काय म्हणाला? लाबान तुझ्याशी जे जे करतोय ते मी पाहिलं आहे. तुझ्या कालच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. देवाला दिसतं. आणि दिसायला याकोबानं चांगुलपणाचं सर्टिफिकेट आणावं, अशी अट नव्हती. देव विश्वासू आहे तो स्वतःच्या स्वभावामुळे, आपल्या वागणुकीवर खूश होऊन नव्हे. म्हणून ‘माझंच काही चुकलं असेल’ हे रात्री-बेरात्री उगाळत बसू नकोस.

पण मला खरं सांगायचंय ते यापुढचं. त्या वीस वर्षांत मजुरी लाबान ठरवत होता, मोडत होता, पुन्हा ठरवत होता. तरी याकोबाचा कळप वाढत गेला. ज्याच्या हातात मजुरी होती त्याच्या हातात याकोबाचं पोट नव्हतं. धाकटे, हे मनात पक्कं कर. पगार देणारा पोशिंदा नसतो. तुझ्या हॉस्पिटलचा मॅनेजर तुझी वाढ अडवू शकतो, रजा नाकारू शकतो, नाइट लावू शकतो. तुझं आणि तुझ्या लेकराचं भवितव्य त्याच्या टेबलाच्या खणात नाही. आपण फार लवकर त्याला देवाच्या खुर्चीत बसवतो. मग त्याचा चेहरा बघून आपला दिवस चांगला की वाईट ते ठरतं, त्याच्या केबिनचं दार वाजलं की पोटात गोळा येतो. त्याला त्या खुर्चीतून उतरव. तो एक पगारपत्रकावर सही करणारा माणूस आहे, एवढंच.

लाबान शेवटपर्यंत सुधारला नाही, हेही वाच. याकोब कुटुंब घेऊन निघाला तेव्हा त्यानं सात दिवस पाठलाग केला, गिलादाच्या डोंगरात गाठलं, आणि काय म्हणाला? मुली माझ्या, नातवंडं माझी, कळपही माझाच. चूक झाली, असा एक शब्द नाही. देवानं फक्त त्याला आदल्या रात्री बजावलं होतं की या माणसाला काही बोलायचं नाही. तू मनात कुठेतरी वाट पाहतेस की एक दिवस तो मॅनेजर तुला बोलावून म्हणेल, “सिस्टर, तुमच्यावर अन्याय झाला.” म्हणाला तर आनंदच आहे. पण तुझी सुटका त्या वाक्यावर टांगून ठेवू नकोस. याकोबाची सुटका झाली तेव्हाही लाबान लाबानच होता.

आता पुरवठ्याचं. “देव पुरवतो” हे आपण साक्ष देताना म्हणतो तेव्हा ते फार चकचकीत वाटतं. शास्त्रात तो पुरवठा बहुतेक वेळा साधा, थोडा आणि रोजच्या रोज येतो. अरण्यात मान्ना पडला तो माणशी एक ओमर. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. तू काल एका दमात घराचा हप्ता, मुलाची पुढच्या वर्षीची फी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि स्वतःचं म्हातारपण, सगळं माझ्यासमोर मांडलंस. या सगळ्याचा मान्ना आज पडणार नाही. आजचा आज पडेल. या महिन्याचा हप्ता गेला का? गेला. मग आजच्यापुरतं आभार मान आणि झोप.

एलीयाचं तर आणखी विचित्र. देवानंच त्याला करीथ ओहळाकाठी पाठवलं, कावळे सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणत होते, आणि मग पाऊस नव्हता म्हणून ओहळ आटला. देवानं दाखवलेल्या जागेवरचं पाणी आटलं! अशा वेळी आपण म्हणतो, देव रागावला. पण तिथे फक्त पत्ता बदलला. पुढचा पत्ता सारफथच्या विधवेचा होता. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल होतं, ते संपलं की मरायची तिची तयारी होती. देवानं आपल्या संदेष्ट्याची सोय श्रीमंताकडे लावली नाही, त्याच्याहून गरीब बाईकडे लावली. तुझी नाइट असते तेव्हा शेजारच्या काकू तुझ्या मुलाला जेवू घालतात ना? दुसऱ्या वॉर्डातली ती मुलगी, जिचा पगार तुझ्याहूनही कमी आहे, तुझ्यासोबत ड्यूटी बदलते ना? तू याला ‘लोकांचे उपकार’ म्हणतेस आणि संकोचतेस. मी याला सारफथचं पीठ म्हणते. संकोचू नकोस, घे. आणि तुझा दिवस आला की दुसऱ्या कुणासाठी तू मळून ठेव.

आपल्याच मातीतलं सांगते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ च्या सुमारास गहजब झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. त्या लोकांची बाजू होतीच, संस्था धर्मप्रसार करणार नाही असं आश्वासन होतं. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बळजबरी केली नाही, फक्त माझ्या घरात मी उघड्या दारानं प्रार्थना करते. वर्तमानपत्रांनी मात्र बाईला सोडलं नाही. त्यात अमेरिकेतल्या मंडळानं मदतीचं वचन दिलं होतं तेही दहाच वर्षांचं. मग बाईंनी काय केलं? प्रार्थना केली, आणि दौंडच्या अलीकडे केडगावला जमीन घेतली, फळबाग लावून संस्थेला स्वतःचं उत्पन्न व्हावं म्हणून. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या, आणि त्यांना ठेवायला जागा कुठली, तर तीच केडगावची जमीन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते. विहिरी खणल्या, शेती, गाई, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना. रमाबाई तरुण असताना त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात काही महिन्यांत गेले होते. भूक काय असते ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या बाईनं देवावर भरवसा ठेवला म्हणजे डोळे मिटून बसली नाही. तिचा भरवसा कुदळीसकट होता.

आणि नर्स म्हणून तुला हे आवडेल. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता, सरकारची जबरदस्ती चालली होती, तेव्हा प्लेगच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांना कसं वागवलं जातं यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. राज्य इंग्रजांचं, रमाबाईंचा धर्मही त्यांचाच, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. गव्हर्नरानं आरोप नाकारले. बाईंनी शब्द मागे घेतला नाही.

म्हणून म्हणते, विश्वास ठेवणं आणि तोंड उघडणं यात भांडण नाही. सलाफहादाच्या पाच मुली आठव. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, भाऊ नाही, जमीन दुसऱ्यांकडे जाणार. त्या निवासमंडपाच्या दाराशी मोशे, याजक आणि सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वतन द्या. मोशेनं ते देवापुढे नेलं, आणि देव म्हणाला, या मुलींचं बरोबर आहे. त्यांच्यामुळे नियम बदलला. फिलिप्पै गावातही तेच. पौल आणि सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात. मध्यरात्री ते गाणी गात होते. आणि सकाळी अधिकाऱ्यांनी “गुपचूप जा” म्हणून निरोप पाठवला तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलं, आता चोरून काढता? स्वतः येऊन बाहेर न्या. ते आले, विनवण्या करून घेऊन गेले. रात्रीचं गाणं आणि सकाळची कायद्याची भाषा, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडची.

मजुरीबाबत तर शास्त्र फारच स्पष्ट आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, असं अनुवादाचं पुस्तक सांगतं. नव्या करारात याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा) अडवलेली मजुरीच ओरडते आणि तिचा आवाज परमेश्वराच्या कानी जातो. मग तू तुझा हक्क मागितलास तर त्यात हाव कसली?

आता कामाचं बोलू. याकोबाला आपण वीस वर्षं कशी राबलो हे मुद्देसूद सांगता आलं, कारण त्याला हिशेब पाठ होता. तुझाही असू दे. ड्यूटी रोस्टरचे फोटो काढून ठेव, रुग्णांची कागदपत्रं सोडून. ओळीनं किती नाइट झाल्या, सुट्टीच्या दिवशी कधी बोलावलं, कॉम्प ऑफ कधी नाकारला, तारीखवार वहीत लिही. पगाराची स्लिप आणि बँकेचं पासबुक महिन्याच्या महिन्याला ताडून बघ. पीएफ कापतात तो खात्यात जमा होतो का, हे तुझ्या यूएएननं पासबुक उघडून पाहता येतं. होत नसेल तर त्याची तक्रार करता येते. आणि तुझी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात असतील तर लेखी मागून घे, झेरॉक्स दे.

मग मेट्रनना लेखी अर्ज दे. तोंडी नको. रागाचे शब्द काढून टाक, तारखा ठेव. ‘पदोन्नतीचे निकष काय होते ते कळवावे’ आणि ‘माझी वाढ कोणत्या कारणानं रोखली ते कळवावे’, एवढे दोन प्रश्न. पोच घे. उत्तर आलं नाही तर व्यवस्थापनाला, पुढे कामगार आयुक्तांच्या कार्यालयातही जाता येतं. एकटी जाऊ नकोस. वॉर्डातल्या आणखी कुणाची तीच तक्रार असेल तर मिळून जा, सलाफहादाच्या मुली पाच होत्या.

रागाच्या भरात राजीनामा लिहू नकोस. पण बाहेर बघायला लाग. तुझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं आहे, त्या हॉस्पिटलचं नाही. ते तुझ्यासोबत येतं. सरकारी भरतीच्या जाहिराती बघ, दुसऱ्या ठिकाणी चौकशी कर. याकोबालाही शेवटी तिथून निघायचंच होतं. निघणं म्हणजे हरणं नव्हे. आणि राहावं लागलं काही दिवस, तर योसेफासारखी राहा. सतराव्या वर्षी विकला गेला, तिसाव्या वर्षी फारोसमोर उभा राहिला. मधली वर्षं गुलामीत आणि तुरुंगात गेली. तिथेही हातातलं काम नीट केलं, पण प्यालेबरदाराला सांगायलाही चुकला नाही की माझा काही दोष नाही, बाहेर गेलास की माझं नाव काढ. तो माणूस दोन वर्षं विसरला. देव विसरला नव्हता.

एका गोष्टीत मात्र माझी ताईगिरी चालू दे. वॉर्डातल्या रुग्णावर हा राग निघू देऊ नकोस. तिथे पडलेल्या आजोबांनी तुझी वाढ अडवलेली नाही. आणि त्या नव्या इन्चार्ज मुलीवरही नको. जागा तिला ज्यांनी दिली त्यांनी चुकीचं केलं. ती अजून हँडओव्हरच्या वेळी गांगरते, असं तूच सांगितलंस. तिला आडवं लावलंस तर तुझ्या तक्रारीचं वजन जाईल आणि तुझी झोपही जाईल. तुझं भांडण न्यायाचं आहे, तिच्याशी नाही.

तरी राग येईल. हेवा वाटेल. आसाफाचं त्र्याहत्तरावं स्तोत्र काढ. तो देवळातला गायक, आणि कबूल करतो की दुष्टांची भरभराट बघून माझा पाय घसरायला आला होता. त्याला उत्तर देवाच्या मंदिरात गेल्यावर सापडलं. तू गेले काही रविवार नाइटमुळे उपासनेला गेली नाहीस. कुणी विचारलं तर काय सांगू, हीही भीती असेल. सांगायचं नसेल तर सांगू नकोस, मागच्या बाकावर बस. पण ये. अन्याय माणसाला एकटं पाडतो, आणि एकटं पडलं की मॅनेजर फार मोठा दिसायला लागतो.

देवाची विश्वासूता मी तुला पुराव्यानं सिद्ध करून देऊ शकत नाही. मी एवढंच सांगते की ती शोधताना चुकीच्या खिडकीपाशी उभी राहू नकोस. पगाराच्या काउंटरवर ती दिसेलच असं नाही. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात दिसेल, आज भरलेल्या हप्त्यात दिसेल, अर्ज लिहिताना न थरथरणाऱ्या हातात दिसेल. मॅनेजरसमोर उभी राहशील तेव्हा ना लाचारी असेल, ना शिव्याशाप. कारण त्याच्याकडून तुला तुझा हक्काचा पगार हवाय, तुझं जगणं नकोय. ते दुसऱ्या हातात आहे.

अर्जाचा कच्चा खर्डा लिहिलास की मला पाठव. शुद्धलेखन मी बघते, तारखा तू पुन्हा तपास. येत्या सोमवारी तुझी डे ड्यूटी आहे ना? तेव्हाच देऊन टाक, आणि पोच घ्यायला विसरू नकोस.

तुझी,
ताई